दोन इंच जाडीची गोष्ट

मुलांनो,

गेल्या मे महिन्यात मी आणि माझा भाचा गाडीने कुडाळला निघालो होतो. भाचा सातवीत. त्याचं नाव सांगत नाही. मागे एकदा याच पानावर मी ते लिहिलं आणि वर्गातल्या पोरांनी त्याला आठवडाभर पिडलं. तेव्हापासून तो मला बजावून ठेवतो, ‘मामा, लिहायचं ते लिही, पण माझं नाव नको.’

स्लीपरचा डबा होता. सुट्टीची गर्दी, सगळीकडे पिशव्या आणि आंब्याच्या रिकाम्या पेट्या (भरलेल्या परत येताना असतात, हे तुम्हाला माहीत आहेच). भाच्याला वरचा बर्थ हवा होता, तो मिळाला. तो टुणकन वर चढला आणि लगेच ओरडला, ‘‘मामा, हे बघ!’’

बर्थचं निळं रेक्झिन कोणीतरी ब्लेडने सरळ रेषेत कापलं होतं. चांगलं हातभर. आतला स्पंज बाहेर डोकावत होता आणि त्याचे तुकडे उपटून कोणीतरी तिथंच टाकले होते. आमच्या समोर एक बाई बसल्या होत्या, बरोबर दोन लहान मुलं. त्यांतल्या धाकट्याने लगेच उभं राहून त्या भोकात बोट घातलं आणि एक तुकडा ओढला. मी म्हटलं, ‘‘अरे, अरे, नको.’’ तशी त्या बाई म्हणाल्या, ‘‘असू द्या हो. आधीच फाटलंय. सरकारचंच आहे, आपल्या बापाचं काय जातंय?’’

आता गाडीत अनोळखी माणसाशी वाद घालू नये, हे मला माझ्या आजोबांनी शिकवलंय. मी गप्प बसलो. पण भाचा गप्प बसणाऱ्यातला नाही. त्याने वरून मान खाली घालून विचारलं, ‘‘मामा, ही गादी पहिल्यांदा कोणी बसवली?’’

खरं सांगतो, त्याला वाटलं होतं की मामा आता अडकणार. पण या प्रश्नाचं उत्तर मला येत होतं. पनवेल नुकतंच मागे गेलं होतं, कुडाळला पोचायला सात-आठ तास होते. म्हटलं, खाली ये, सांगतो.

तुमच्या घरात आजी-आजोबा असतील तर त्यांना एकदा ‘वळकटी’ म्हणजे काय ते विचारा. पूर्वी लांबच्या प्रवासाला निघताना माणसं अंथरूण-पांघरूण गुंडाळून, पट्ट्याने आवळून बरोबर घ्यायची, ती वळकटी. जरा ऐपत असली तर कॅनव्हासचा होल्डॉल. हा सगळा बोजा कशाला? कारण गाडीतले बाक लाकडाचे होते. तिसऱ्या वर्गाचे तर नुसत्या पट्ट्या ठोकलेले. १९७४ साली रेल्वेने तिसरा वर्ग बंद केला, म्हणजे नाव बदलून त्यालाच दुसरा वर्ग म्हणायला सुरुवात केली. नाव बदललं, बाक तेच राहिले. पट्ट्यांच्या फटीत ढेकणांची वस्तीही तीच राहिली. मुंबईहून कोलकात्याला जायचं तर दीड-दोन दिवस त्या लाकडावर. उतरताना अंगावर पट्ट्यांचे वळ दिसायचे, असं माझी आई सांगायची.

लाकडावर झोपलं की अंग का दुखतं, ठाऊक आहे? घरी करून बघा. चटई न घालता जमिनीवर कुशीवर झोपा. तुमचं सगळं वजन खांदा, कमरेचं हाड आणि घोटा अशा दोन-तीन ठिकाणीच टेकतं. वजन तेवढंच, पण ते पेलणारी जागा लहान. म्हणून त्या जागेवर दाब जास्त. आता खाली एक जाड गोधडी घ्या. गोधडी दबते, तुमच्या अंगाच्या आकाराप्रमाणे खाली-वर होते, आणि तेच वजन बरंच जास्त जागेवर पसरतं. दाब कमी. आठवी-नववीच्या मुलांनी हे सूत्र पुस्तकात वाचलं असेल: दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ.

हे सूत्र मी मुद्दाम सांगतोय. कारण ज्या माणसाने रेल्वेच्या लाकडी बर्थवर दोन इंच स्पंज बसवायचं ठरवलं, तो पंचवीसएक वर्षं मुलांना पदार्थविज्ञानच शिकवत होता.

त्यांचं नाव प्राध्यापक मधू दंडवते. जन्म २१ जानेवारी १९२४, अहमदनगरचा (आता त्या शहराचं नाव अहिल्यानगर आहे). मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात ते पदार्थविज्ञान शिकवत. हे महाविद्यालय डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ साली काढलं. दिवसभर नोकरी करून शिकणारी मुलं तिथे येत. दंडवते समाजवादी विचारांचे. गोवा पोर्तुगीजांच्या ताब्यात होता तेव्हा १९५५ साली तिथे सत्याग्रहाला गेलेल्यांत ते होते. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतही होते. १९७१ साली कोकणातल्या राजापूर मतदारसंघातून ते लोकसभेवर निवडून आले. ही नाथ पै यांची जागा. नाथ पै त्याच वर्षी जानेवारीत अचानक गेले होते. आणि नाथ पैंसारख्या वक्त्याच्या जागी उभं राहायचं म्हणजे काय, हे कोकणातल्या जुन्या माणसांना विचारा. तिथून दंडवते लागोपाठ पाच वेळा निवडून आले.

एवढं सांगेपर्यंत भाच्याने दोन वेळा जांभई दिली. ‘‘मामा, हे पुस्तकातल्यासारखं होतंय.’’ बरोबर आहे त्याचं. मग मी त्याला तुरुंगाकडे नेलं.

२५ जून १९७५ च्या रात्री देशात आणीबाणी जाहीर झाली. त्या वेळी दंडवते संसदेच्या एका समितीच्या कामासाठी बंगळूरला होते. त्यांच्याबरोबर अटलबिहारी वाजपेयी आणि लालकृष्ण अडवाणीही होते. दुसऱ्या दिवशी तिथेच त्यांना अटक झाली. दंडवते जवळजवळ दीड वर्ष बंगळूरच्या तुरुंगात राहिले. त्यांच्या पत्नी प्रमिलाताई याही कार्यकर्त्या, त्यांनाही पकडलं. त्या पुण्याला येरवड्याच्या तुरुंगात. नवरा एका तुरुंगात, बायको दुसऱ्या. दोघं एकमेकांना पत्रं लिहीत राहिले. (पुढे १९८० साली प्रमिलाताईही मुंबईतून लोकसभेवर निवडून आल्या आणि नवरा-बायको एकाच वेळी खासदार होते.)

१९७७ च्या मार्चमध्ये निवडणूक झाली, सत्ताधारी पक्ष हरला, मोरारजी देसाई पंतप्रधान झाले आणि कालपर्यंत तुरुंगात असलेले दंडवते रेल्वेमंत्री झाले.

‘‘मग त्यांनी तुरुंगात टाकणाऱ्यांना टाकलं का तुरुंगात?’’ भाच्याने विचारलं. झोप उडाली होती.

तर ऐका. त्यांच्यासमोर आलेल्या पहिल्या मोठ्या प्रश्नांपैकी एक होता संपकऱ्यांचा. १९७४ च्या मे महिन्यात रेल्वे कामगारांनी देशभर संप केला होता. वीस दिवस चालला तो, आणि सतरा लाखांच्या आसपास कामगार त्यात होते. सरकारने तो मोडून काढला. हजारो जणांना नोकरीवरून काढलं. तीन वर्षं ती माणसं आणि त्यांची बायकापोरं कशी जगली असतील, याचा विचार करा. दंडवत्यांनी मंत्री झाल्यावर त्यांना परत कामावर घेतलं.

यावर भाच्याने जे विचारलं, ते मला आवडलं. तो म्हणाला, ‘‘पण मामा, असं केलं तर पुढच्या वेळी कोणीही संप करेल ना? गाड्या बंद पडल्या तर लोकांचे हाल होतात.’’

प्रश्न चुकीचा नाही. मोठी माणसंही तो विचारतात. आणि त्या संपात लोकांचे हाल झाले, हेही खरंच. मला स्वतःला असं वाटतं की रेल्वे ही काही इंजिनांवर चालत नाही. पहाटे चार वाजता रूळ तपासत चालणारा गँगमन आहे, सांध्यावर उभा असलेला पॉइंट्समन आहे. ज्याचा शेजारी, भाऊ, मित्र तीन वर्षं घरी बसवलाय, तो माणूस मान खाली घालून काम करेल. पण रुळावरचा सैल बोल्ट दिसला तर आपणहून धावत जाऊन सांगेल का? तुमच्यातल्या कोणाला पटणार नाही. मला पत्र लिहून तसं कळवा, मी छापायला सांगेन.

आता गादी. मंत्र्याला स्वतःला लाकडी बर्थवर झोपावं लागत नाही. त्याच्यासाठी वेगळा डबा असतो, नोकर-चाकर असतात. शिवाय करण्यासारखी मोठमोठी कामं पुष्कळ होती. नवी इंजिनं आणायची, मोठी स्थानकं बांधायची, फीत कापायची. दंडवत्यांनी त्या वेळी सांगितलेली गोष्ट अशी: पहिल्या वर्गाला खाली ओढायचं नाही, दुसऱ्या वर्गाला वर उचलायचं. मग लाकडी बर्थवर दोन इंच जाडीचा स्पंज. आधी मोठ्या मार्गांवरच्या गाड्यांत, पुढच्या काही वर्षांत सगळीकडे.

२६ डिसेंबर १९७७ ला मुंबई-हावडा गीतांजली एक्सप्रेस सुरू झाली. त्या गाडीला पहिला वर्गच नव्हता. सगळे डबे एका वर्गाचे. हमाल असो की हापिसर, बसायचं तर एकाच प्रकारच्या बाकावर. महात्मा गांधी देशभर तिसऱ्या वर्गाने हिंडले आणि त्या डब्यांच्या हालांवर १९१७ साली त्यांनी लिहिलंही. तेव्हापासून ही गोष्ट सगळ्यांना माहीत होती. साठ वर्षं. गादी नव्हती ती पैशाअभावी, असं कोणी म्हणेल. असेलही थोडं तसं. पण पहिल्या वर्गात गादी होतीच की!

भाचा आपल्या बर्थची जाडी बोटांनी मोजत होता. मी म्हटलं, ‘‘यावर कुठे नाव दिसतंय?’’ त्याने खरंच सगळ्या बाजूंनी पाहिलं. बर्थचा नंबर होता, कोणीतरी बॉलपेनने काढलेला बदाम होता, त्यात दोन अक्षरं होती. मंत्र्याचं नाव नव्हतं.

तुम्ही शाळेत जाता-येता चौकातले फलक बघत असाल. अमुक साहेबांच्या प्रयत्नातून बस थांबा. थांब्यावर बाक एक, आणि साहेबांचे फोटो सात. एकदा मी अशा थांब्यावर पावसात उभा होतो. पत्रा गळत होता, फोटोंवर मात्र काच होती. आईबाबांनो, हे तुमच्यासाठी आहे: मुलं हे सगळं वाचतात. आपल्या गल्लीत नगरसेवक कोण, असं त्यांना विचारलं तर ती फोटोतला चेहरा ओळखतात; आपल्या गल्लीतली गटारं कोणी साफ करवली, असं विचारलं तर ती आपल्याकडे बघतात, आणि आपण छताकडे. मत देताना मी स्वतः कितीदा या माणसाने केलं काय याची चौकशी केली? दोनदा, फार तर तीनदा. बाकीच्या वेळी नुसती हवा बघितली.

चिपळूण गेलं. गाडी संगमेश्वरच्या पुढे आली आणि बोगदे सुरू झाले. उक्षीच्या पुढचा करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा आहे. पोरं ओरडायला लागली, आपणही ओरडून घेतलं. बोगद्यातून बाहेर आल्यावर भाचा म्हणाला, ‘‘ही रेल्वेपण त्यांनीच आणली का?’’

एकट्याने नाही. कोकण रेल्वेचं स्वप्न फार जुनं. माझ्या लहानपणी कोकणात जायचं म्हणजे एस.टी.ने रात्रभर घाटातून ओकत जायचं, नाहीतर भाऊच्या धक्क्यावरून आगबोट. कोकणात रेल्वे यावी म्हणून नाथ पै लोकसभेत बोलले, त्यांच्यानंतर दंडवते बोलत राहिले. बोलत राहिले म्हणजे वर्षानुवर्षं, पुन्हा पुन्हा, कंटाळा येईपर्यंत. ऐकणाऱ्यांना कंटाळा, त्यांना नाही. आधी आपट्यापासून रोह्यापर्यंतचा मार्ग झाला. मग १९९० साली कोकण रेल्वे महामंडळ निघालं. तेव्हा जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री होते आणि दंडवते अर्थमंत्री. एकाकडे रूळ, दुसऱ्याकडे तिजोरी, आणि दोघांचीही माया कोकणावर! ई. श्रीधरन यांनी नव्वदहून जास्त बोगदे आणि लहान-मोठे मिळून सुमारे दोन हजार पूल बांधून घेतले. २६ जानेवारी १९९८ ला सगळा मार्ग प्रवाशांसाठी खुला झाला.

त्या दिवशी दंडवते कोकणचे खासदार नव्हते. १९९१ च्या निवडणुकीत ते हरले होते. ज्या लोकांसाठी वीस वर्षं रेल्वे मागितली, त्यांनी ती येण्याच्या आधीच त्यांना घरी बसवलं.

‘‘हे बरोबर नाही,’’ भाचा म्हणाला. ‘‘चीटिंग आहे.’’

मी त्याला म्हटलं, नाही रे, चीटिंग कसली? मत लोकांचं, ते त्यांनी हवं तिथे दिलं. हरलेल्या माणसाने तेवढं मानायचं असतं. दंडवत्यांनी ते मानलं आणि काम करत राहिले. पुढे १९९६ पासून ते योजना आयोगाचे उपाध्यक्ष होते. (योजना आयोग आता नाही, २०१५ साली त्याच्या जागी नीती आयोग आला.)

तुम्ही म्हणाल, मामा या माणसाची नुसती आरतीच ओवाळतोय. तसं नको. त्यांचं ते १९७७ चं सरकार आपापसात भांडून अडीच वर्षंही टिकलं नाही. १९७९ च्या जुलैत पडलं. आणि १९९० साली ते अर्थमंत्री होते तेव्हा देशाची परदेशी चलनाची गंगाजळी आटत चालली होती. ती त्यांना थोपवता आली नाही. पुढच्याच वर्षी देशाला सोनं गहाण ठेवायची पाळी आली, तेव्हा ते मंत्री नव्हते, पण दुखणं आधीपासूनचं होतं. सर्वच गोष्टी सर्वांना जमत नाहीत. तरी गादी जमली, हे मला पुरेसं वाटतं. रोज लाखो माणसं तिच्यावर झोपतात.

आणि शेवटची एक गोष्ट, जी मी गाडीत भाच्याला सांगायची की नाही याचा विचार केला आणि मग सांगितली. १२ नोव्हेंबर २००५ ला मुंबईत दंडवते गेले. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांचा देह जे. जे. रुग्णालयाला दिला गेला. डॉक्टर होऊ घातलेल्या मुलांना शरीराची रचना शिकायला माणसाचे देह लागतात, पुस्तकातली चित्रं पुरत नाहीत. भाचा थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘‘म्हणजे मेल्यावरपण सरच!’’

रत्नागिरी मागे पडली. समोरच्या बाईंचा धाकटा झोपला होता, त्या बाईही इतका वेळ सगळं ऐकत होत्या. पण त्या काही बोलल्या नाहीत आणि मीही त्यांच्याकडे बघितलं नाही. उगाच कोणाला ओशाळं कशाला करायचं?

इकडे भाच्याच्या डोक्यात वेगळंच सुरू होतं. ‘‘मामा, सुई-दोरा आहे?’’ माझ्या पिशवीत सुई-दोरा असतो. सदऱ्याचं बटण प्रवासातच तुटतं, हा माझा अनुभव. त्याने रेक्झिन शिवायला घेतलं. पहिला टाका कसाबसा गेला. दुसऱ्या टाक्याला सुई वाकली, तिसऱ्याला मोडली. रेक्झिन शिवायला चांभाराची आरी लागते, आपली सुई तिथे काय करणार! पण ऐकतो कोण? बाजूच्या बर्थवरच्या एका काकांकडे रुंद चिकटपट्टी होती. लग्नाला चालले होते, आहेराच्या खोक्यांसाठी घेतलेली. त्यांनी ती देऊ केली.

आता चिकटपट्टी लावायची तर स्पंज आत दाबून कोणीतरी दोन्ही कडा जुळवून धरायला हव्यात. मी उभा राहिलो तर माझं डोकं पंख्याला लागत होतं. तेव्हा समोरच्या बाई उठल्या, पदर खोचला, खालच्या बाकाच्या कडेवर एक पाय ठेवून वर झाल्या आणि म्हणाल्या, ‘‘सरका तुम्ही, मी धरते.’’ त्यांनी खाली सांडलेले स्पंजचे तुकडेही आत कोंबले.

पट्टी वाकडी बसली. एका ठिकाणी चुणी पडली. फारसं देखणं काम झालं नाही आणि किती दिवस टिकलं असेल, देव जाणे. कुडाळ येईपर्यंत मात्र टिकलं, कारण भाचा वैभववाडीपासून त्याच्यावरच झोपला होता. उठवायला गेलो तर त्याच्या गालावर चिकटपट्टीची रेघ उमटली होती.

या वेळचं काम: तुमच्या घरातल्या किंवा शेजारच्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला त्यांच्या सगळ्यात लांबच्या रेल्वे प्रवासाबद्दल विचारा. कुठून कुठे, किती तास, काय खाल्लं, कशावर झोपले. एका पानात लिहून पाठवा. वळकटी घरात अजून असेल तर तिचं चित्र काढून पाठवा. आणि जाणार असाल गाडीने, तर सोबत पट्टी न्या, मोजायची. आपल्या बर्थची गादी किती सेंटिमीटर जाड आहे ते लिहा. एक इंच म्हणजे २.५४ सेंटिमीटर, दोन इंचांचा हिशेब तुम्ही करा.

पुढच्या आठवड्यात भेटू.

तुमचा,
मामा